पाव सेकंदाचा हिशेब

गोल्फमध्ये ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात दोघं दोन-अडीच सेंटीमीटर सोबत सरकतात आणि चेंडू सुटतो. त्या क्षणी हातांनी कितीही जोर लावला, तरी तो शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांड्यातून, खाली पोचायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. टक्कर होते ती २०० ग्रॅमच्या क्लबहेडची (दांड्याच्या टोकाच्या डोक्याची) आणि ४६ ग्रॅमच्या चेंडूची. हात तिथे असून नसल्यासारखे. त्याच्या आधीचा डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली येण्याचा टप्पाही फार मोठा नाही. क्लब वरून खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. काही जाणवून त्यावर स्नायूंनी काही करायचं तर माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ हवा असतो. म्हणजे खाली येताना काही दुरुस्त करायची सोयच नाही.

तरीही वेग हवा असला की बहुतेकांचा जोर नेमका चेंडूजवळ जातो. खांदे आवळले जातात, जबडा घट्ट होतो, हात शेवटच्या हातभर अंतरात काहीतरी करू पाहतात. त्या वेळी खूप मेहनत केल्यासारखं वाटतं आणि वेग मोजणाऱ्या रडारवर आकडा कमी येतो. हे प्रत्येक सराव मैदानावर दिसतं. कारण समजून घ्यायचं असेल तर चेंडूपासून सुरुवात करून उलट दिशेने, वेळेत मागे मागे जायला हवं. वेगाचा उगम जितका मागे सापडेल, तितका तो आपल्या हातात असतो.

आधी थोडं गणित. क्लबहेडचा वेग सेकंदाला ५० मीटर धरू, म्हणजे ताशी सुमारे ११२ मैल. पीजीए टूरवरच्या व्यावसायिक पुरुष खेळाडूंची ड्रायव्हरची सरासरी साधारण याच्याच थोडी पुढे आहे; एलपीजीएवरच्या महिलांची ९४ मैलांच्या आसपास. या वेगाला २०० ग्रॅमच्या क्लबहेडमध्ये २५० जूल ऊर्जा असते. शाफ्टची आणि स्वतःच्या हातांची ऊर्जा वेगळीच. ही सगळी पाव सेकंदात घालायची, म्हणजे फक्त क्लबहेडसाठीच सरासरी एक किलोवॅट शक्ती. मनगटांचे आणि दंडांचे स्नायू एवढं एकट्याने देऊ शकत नाहीत. ते पाय, नितंब आणि धड यांच्याकडूनच यावं लागतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १०० मैलांवरून ११० वर जायला दहा नव्हे, २१ टक्के जास्त ऊर्जा लागते. पुढचे पाच मैल नेहमीच मागच्या पाचांपेक्षा महाग पडतात.

आता टक्करीच्या एक पाऊल मागे येऊ. क्लब जमिनीकडे येतोय, आणि हात व शाफ्ट यांच्यामधला, मनगटातला काटकोन उघडतोय.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि इतर शास्त्रज्ञांनी गोल्फच्या स्विंगचा पद्धतशीर अभ्यास केला. स्विंगकडे दुहेरी लंबक म्हणून पाहायची पद्धत त्यातून रुळली. पुढचा, म्हणजे लक्ष्याच्या बाजूचा हात हा वरचा दांडा, क्लब हा खालचा, आणि मनगट ही त्यांच्यामधली बिजागरी. डाउनस्विंगच्या पहिल्या भागात बिजागरी मिटलेली राहते, दुसऱ्या भागात उघडते. मिटलेली का राहायला हवी, हे आकड्यांत चटकन दिसतं. खांद्यापासून मुठीपर्यंत ६५ सेंटीमीटर आणि मुठीपासून क्लबहेडपर्यंत १०५ सेंटीमीटर धरा. मनगटात काटकोन असेल तर क्लबहेड खांद्यापासून सुमारे १२४ सेंटीमीटरवर असतं. मनगट सरळ झालं की १७० वर. फिरवायचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे क्लबहेडपुरतं ते जवळजवळ दुप्पट होतं. सुरुवातीलाच मनगट उघडलं की शरीराला पहिल्या क्षणापासून दुप्पट जडत्व ओढत न्यावं लागतं. याला कास्टिंग म्हणतात, आणि हौशी खेळाडूंचा सर्वांत जास्त वेग इथेच सांडतो.

मग मनगट उघडतं कशाने? बहुतेकांना वाटतं, झटका देऊन. खरं तर बराचसा भाग आपोआप होतो. गोफण फिरवणारा दोरीला ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकतो. आणि हात आतल्या बाजूला वळवून ओढला की दगड बाहेर झेपावतो. क्लबचंही तसंच आहे. मूठ वक्र मार्गाने जाते, ओढ शाफ्टच्या दिशेने असते, आणि क्लबहेड मुठीच्या रेषेत यायला धडपडतं. त्या धडपडीतूनच काटकोन उघडतो. पुढचा हात जमिनीला समांतर होऊन आणखी खाली गेला की हे उघडणं जोरात सुरू होतं. मनगटांनी त्याला थोडी साथ द्यायची असते, पण शेवटच्या टप्प्यात क्लब इतका वेगाने सुटतो की हात त्याला पुढे ढकलूच शकत नाहीत. तेच मागे पडतात.

म्हणून ‘लॅग टिकवा’, म्हणजे हा काटकोन टिकवून धरा, हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. काटकोन मुद्दाम आवळून धरला की मूठ पुढे ओढली जाते, क्लबफेस (क्लबहेडची चेंडूला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे बाहेर वळलेला राहतो आणि चेंडू लक्ष्याच्या उजवीकडे निघतो (डावखुऱ्याचा डावीकडे). वेगही मिळत नाही, कारण जे सुटायला हवं तेच अडवून धरलेलं असतं. कास्टिंगचं मूळ मनगटात क्वचितच सापडतं. दोन कारणं वारंवार दिसतात. एक, क्लब वर असताना फेस उघडा असतो. पुढचं मनगट मागच्या बाजूला वाकून वाटीसारखं झालेलं असतं, किंवा ग्रिप कमकुवत असते (सैल नव्हे, तर पुढचा हात लक्ष्याकडे जास्त वळलेला). शरीराला हे कळतं आणि फेस सरळ करण्यासाठी ते मनगट लवकर सोडून देतं. अशा खेळाडूला लॅग शिकवण्यात काही अर्थ नाही. त्याची पुढच्या हाताची पकड तळव्यातून बोटांकडे आणा, वरून पाहिल्यावर बोटांच्या मुळाचे दोन ते तीन सांधे दिसतील इतकी फिरवा, आणि वरच्या स्थितीत पुढचं मनगट सपाट ठेवायला सांगा. कास्टिंग बरंचसं आपोआप कमी होतं. दुसरं कारण क्रमाचं. खाली यायची सुरुवात खांद्यांनी आणि मागच्या हाताने झाली की क्लब बाहेर फेकला जातो. त्याकडे येतोच.

अजून एक पाऊल मागे. मुठी.

क्लबहेड ५० मीटरच्या वेगाने जात असताना मुठींचा वेग त्याच्या पाचव्या भागाच्या आसपासच असतो. तोही चेंडूवर सर्वांत जास्त नसतो. मुठी आधीच आपल्या कमाल वेगाला पोचतात आणि इम्पॅक्टच्या, म्हणजे चेंडूला टक्कर होण्याच्या वेळी मंदावत असतात. हे मंदावणं घाबरून हात रोखल्यामुळे होत नाही. मुठींकडची ऊर्जा क्लबमध्ये गेली म्हणून होतं. ‘चेंडूतून हात वेगाने न्या’ असं सांगणारे चांगल्या हेतूने सांगतात, पण त्या सूचनेने खेळाडू मूठच पुढे रेटत राहतो आणि क्लबहेडला पुढे जायला वावच मिळत नाही.

त्याच क्षणी क्लब बाहेरच्या दिशेला ओढ घेत असतो. ५० मीटरचा वेग आणि सव्वा-दीड मीटरची त्रिज्या धरली तर ती ओढ ४० किलोच्या वजनाइतकी होते. हात तिला धरून असतात, म्हणजेच क्लबला आत आणि वर ओढत असतात. मिउरा या संशोधकाने २००१ मध्ये दाखवलं की इम्पॅक्टच्या सुमारास मूठ आत-वर ओढली गेली तर क्लबहेडला जास्तीचा वेग मिळतो. ओढणारं बळ गतीच्या दिशेला थोडं कललेलं असतं, म्हणून ते कामाला येतं. ही ओढ दंडाने करायची नाही; दंड वाकला की पुढचं कोपर बाहेर फुटतं आणि क्लब चेंडूच्या डोक्यावरून जातो. ती पुढचा पाय सरळ होऊन, पुढचा खांदा वर आणि मागे जाऊन झाली पाहिजे. अंगापिंडाने मोठा नसलेला व्यावसायिक गोल्फपटू जस्टिन थॉमस इम्पॅक्टच्या वेळी दोन्ही टाचा उचलून जवळजवळ उडी मारताना दिसतो, त्यामागचं यंत्र हेच.

पकडीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करता येतो. ‘क्लब हलका धरा’ हे स्विंग सुरू होण्यापुरतं खरं आहे. ४० किलोची ओढ हलक्या हाताने धरता येत नाही, आणि कुणी धरतही नाही. पकड वेळ आली की आपोआप घट्ट होते. सुरुवातीला मोकळा हवा तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. तो आवळलेला असेल तर मनगटाची बिजागरी मिटतच नाही, मग उघडणार काय?

मुठींना ओढणारं धड. धडाला ओढणारी कंबर. चांगल्या खेळाडूच्या शरीरावर सेन्सर लावले की एक ठरलेला क्रम दिसतो. आधी कंबरेचा फिरण्याचा वेग शिगेला पोचतो आणि उतरतो, मग छातीचा, मग हातांचा, शेवटी क्लबचा. ढोबळ आकडे सांगायचे तर कंबर सेकंदाला ४५० अंशांच्या आसपास, छाती ७०० च्या, हात हजाराच्या आणि क्लब दोन हजारांच्या पुढे. यात प्रत्येक भाग किती वेगाने फिरला याइतकंच तो केव्हा मंदावला हेही महत्त्वाचं आहे. कंबर थांबत येते तेव्हा छाती तिच्यावर टेकून पुढे जाते. कंबर फिरतच राहिली, किंवा पुढच्या पायावरून लक्ष्याच्या दिशेला घसरत गेली, तर छातीला टेकायला काहीच उरत नाही. वेगवान कंबर असूनही चेंडू लांब न जाणारे खेळाडू असतात. त्यांच्यात बहुधा हा ब्रेक नसतो.

१९९२ मध्ये प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी एक्स-फॅक्टर ही कल्पना मांडली. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या टोकाला खांदे कंबरेपेक्षा किती जास्त वळले आहेत, तो फरक. खांदे ९० अंश, कंबर ४५, म्हणजे फरक ४५. कल्पना लोकप्रिय झाली आणि तिचा एक वाईट परिणाम झाला: फरक वाढवायचा म्हणून लोक कंबर गच्च धरून खांदे वळवू लागले. कमरेच्या मणक्यांना मुळात फिरायला फार थोडी मुभा असते, सगळे मिळून दहा-पंधरा अंश. बाकीचं वळण पाठीच्या वरच्या भागातून आणि खुब्यातून यायला हवं. खुबा अडवला की भार कमरेवर येतो, आणि गोल्फपटूंच्या दुखापतींमध्ये कंबर वरच्या क्रमांकावर आहे. पुढे २००१ मध्ये फिल चीथम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टोकाच्या फरकापेक्षा डाउनस्विंगच्या सुरुवातीला तो फरक किती वाढतो, यात कुशल आणि अकुशल खेळाडू जास्त वेगळे दिसतात. छाती अजून मागे जात असतानाच कंबर पुढे निघते, मधले स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू लगेच आखडला की जास्त बळ देतो. त्यामुळे कंबर वळू द्यावी, मागचा गुडघा थोडा सरळ होऊ द्यावा, गरज वाटली तर पुढची टाचही उचलू द्यावी. जॅक निकलॉससारखे महान गोल्फपटू ती उचलत असत. टाच उचलणं हा दोष समजणारी एक पिढी होऊन गेली; तिने कित्येक खेळाडूंचा वेग आणि कंबर दोन्ही खर्ची घातले असं माझं मत आहे.

कंबरेखाली पाय, आणि पायाखाली जमीन. शरीराला फिरायला बाहेरून बळ मिळतं ते फक्त इथून. हे बळ तीन प्रकारे वापरलं जातं आणि तिन्हींची वेळ वेगळी आहे. सर्वांत आधी आडवा धक्का. बॅकस्विंगच्या सुरुवातीला भार मागच्या पायावर जातो आणि क्लब वर पोचायच्या आतच पुढे यायला लागतो. नंतर पीळ. मागचा पाय एका दिशेला आणि पुढचा उलट दिशेला जमिनीला घासून ढकलतात, त्यातून कंबर फिरते. बुटांचे स्पाइक्स इथे कामाला येतात. शेवटी उभा जोर. पुढचा पाय जमिनीला खाली दाबतो आणि सरळ व्हायला लागतो. पुढचा पाय शरीराच्या मध्यापासून बाजूला असल्यामुळे हे वरचं बळ शरीराला मागच्या बाजूला फिरवतं, पुढचा खांदा वर जातो, आणि मघाची मुठींची आत-वर ओढ तयार होते.

बहुतेकांचं चुकतं ते उभ्या जोराच्या वेळेत. तो चेंडूवर लावायचा नसतो. पुढचा हात खाली येताना जमिनीला समांतर होतो, त्याच सुमारास पुढच्या पायाखालचं बळ शिगेला पोचतं, आणि ते शरीराच्या वजनाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त असू शकतं. इम्पॅक्टपर्यंत ते उतरणीला लागलेलं असतं. जो हे उशिरा करतो, त्याची उडी चेंडूजवळ होते, कंबर चेंडूच्या दिशेने पुढे येते, हातांना जागा उरत नाही आणि चेंडू क्लबच्या टाचेला (क्लबहेडच्या शाफ्टजवळच्या कडेला) लागतो. सुधारायला एक सोपा सराव आहे. भिंतीला पाठ करून, नितंब भिंतीला जेमतेम टेकतील असं उभं राहायचं आणि क्लबशिवाय, हात छातीवर दुमडून, सावकाश स्विंग करायचा. बॅकस्विंगला मागचा नितंब भिंतीला लागतो. खाली येताना पुढचा लागला पाहिजे आणि लागलेला राहिला पाहिजे. त्यात जमलं की पुढची पायरी: खाली यायची सुरुवात करताना किंचित बसायचं आणि लगेच पुढच्या टाचेतून उठायचं. पुढचं पाऊल लक्ष्याकडे २०-३० अंश वळवून ठेवलं तर खुब्याला फिरायला जागा मिळते आणि गुडघ्यावर ताण कमी येतो.

सर्वांत मागे बॅकस्विंग. घातलेली ऊर्जा म्हणजे बळ गुणिले अंतर. डाउनस्विंगमध्ये मुठी साधारण दीड ते दोन मीटर प्रवास करतात. सरासरी बळ तेवढंच ठेवून हा प्रवास दहा टक्के वाढवला, तर काम दहा टक्के वाढतं आणि वेग ढोबळमानाने पाच टक्के. ९५ मैलांचा खेळाडू शंभराच्या जवळ जातो. यासाठी ताकद वाढवावी लागत नाही, फक्त मुठी छातीपासून लांब आणि वर न्याव्या लागतात. पण कोपर वाकवून क्लब मानेमागे नेला की लांबी वाढल्याचा भास होतो. मुठींचा मार्ग वाढत नाही, फक्त शाफ्ट खाली लोंबतो.

आणि वेग. कुशल खेळाडूंच्या बॅकस्विंगचा आणि डाउनस्विंगचा काळ साधारण तीनास एक या प्रमाणात असतो. एक भाग रेंगाळला की दुसराही रेंगाळतो. ‘हळू मागे न्या’ हा सल्ला दिशेसाठी ठीक असेल, वेगासाठी तो घातक आहे. क्लब वेगाने मागे गेला की त्याला थांबवून परत फिरवताना स्नायू ताणाखाली येतात आणि मुठींचं बळ डाउनस्विंगच्या अगदी सुरुवातीपासून वर असतं. प्रवासाचा पहिला भाग भरात जातो. वेगाचा मोठा वाटा तिथेच कमावला जातो.

साहित्याबद्दल थोडक्यात. क्लब नियमानुसार ४८ इंचांपर्यंत लांब असू शकतो आणि २०२२ पासून स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावायची मुभा आहे. लांब क्लब थोडा वेग देतो आणि त्या बदल्यात चेंडू फेसच्या मध्यावर बसण्याची शक्यता घटवतो. तो व्यवहार बहुतेकांना परवडत नाही. चेंडूचा वेग भागिले क्लबहेडचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरला तो १.५० च्या आसपास संपतो. १०० मैलांच्या क्लबहेडवर १.४८ मिळाला तर चेंडू १४८ मैलांनी जातो, १.४० मिळाला तर १४० ने. हा आठ मैलांचा फरक क्लबहेडच्या पाचाहून जास्त मैलांच्या बरोबरीचा आहे. म्हणून फेसवर पायाच्या पावडरीचा हलका फवारा मारून चेंडूचा ठसा रोज बघावा. चेंडू पुढच्या टाचेच्या रेषेत, टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबहेडच्या वर दिसेल, आणि क्लब चेंडूला किंचित वर जाताना लागेल, अशी मांडणी मध्यम वेगाच्या खेळाडूला वेग न वाढवताच यार्ड मिळवून देते.

वेगाचा सराव नेम साधण्याच्या सरावापासून वेगळा ठेवावा. दिशेची काळजी डोक्यात असताना शरीर पूर्ण वेग देत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, मधे किमान एक दिवस सोडून, अंग नीट गरम करून. आधी नेहमीच्या ड्रायव्हरपेक्षा हलकी काठी, मग थोडी जड, मग स्वतःचा ड्रायव्हर, चेंडूशिवाय, प्रत्येकी चार-पाच स्विंग, पूर्ण इराद्याने. दर स्विंगनंतर अर्धा मिनिट थांबायचं. धाप लागली तर तो दमाचा व्यायाम झाला, वेगाचा नाही. काही स्विंग उलट हाताने करावेत, कारण पुढच्या बाजूचे स्नायू जेवढा वेग थांबवू शकतात, तेवढाच शरीर तयार करू देतं. सोबत उड्या, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) बाजूला फेकणं, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. उंच उडी आणि बॉल फेकण्याची ताकद यांचा क्लबहेडच्या वेगाशी संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. ज्याची कंबर आधीच कुरकुरते, त्याने सहा-आठ आठवडे फक्त खुब्याच्या आणि पाठीच्या वरच्या भागाच्या हालचालीवर घालवावेत आणि मगच हलकी काठी हातात घ्यावी. छोटं रडार जवळ असणं फार उपयोगी, कारण मेहनतीची जाणीव आणि खरा वेग यांचं इथे जुळत नाही. कितीतरी वेळा सर्वांत मोठा आकडा सर्वांत सहज वाटलेल्या स्विंगला येतो. त्या दिवसाच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा सलग दोन-तीन स्विंग पाच टक्क्यांनी खाली आले, की काठी ठेवून द्यायची आणि उरलेला वेळ पटिंगला, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलण्याच्या सरावाला द्यायचा.